कुमुद नावाची नोंद सापडत नाही

जळगाव,
१३ फेब्रुवारी १९९९

तीर्थरूप दाजी,

धाकट्या मेहुणीचा वाकून नमस्कार. (वाकणे फक्त कागदावर. कंबर धरल्यापासून डॉक्टरांनी बाकी ठिकाणी मनाई केली आहे.) आमच्याकडे सगळे ठीक. तुमचा गुडघा कसा आहे? देवपुरातली थंडी उतरली का? दूध डेअरीतून निवृत्त होऊन इतकी वर्षे झाली, तरी गवळ्याच्या चरवीत तुम्ही अजून लॅक्टोमीटर बुडवता की शेवटी त्याला क्षमा केलीत? थोरली सूनबाई फोनवर सांगत होती की तुम्ही हल्ली भाजी टाकता आणि संध्याकाळी ओट्यावर नुसते बसून राहता. भाजी खात जा. ओट्यावर बसण्याला माझी हरकत नाही, मीही इथे गॅलरीत तेच करते.

दिवाळीच्या माझ्या पत्राला तुम्ही चार ओळींचे उत्तर पाठवलेत, त्यात हवापाण्याच्या तीन होत्या. रागाचे कारण मला माहीत आहे. ताईच्या दहाव्याला सगळे पांगल्यावर तुम्ही दारात उभे राहून मला म्हणालात, “मालती, मरेपर्यंत बोदवड बोदवड करत होती ती. त्या माहेरगावचं एक माणूस आलं नाही.” त्याचे उत्तर मी तेव्हापासून तुम्हाला देणे लागते. आता आहे. पण ते कॉम्प्युटरमधून निघाले आहे, त्यामुळे तुम्हाला आधी आमच्या मंडळाचे सगळे पुराण ऐकावे लागेल. चहा घेऊन बसा. साखर कमी.

आमचे आखाजी गीत मंडळ तुम्हाला ठाऊकच आहे. (तुम्ही त्याला ‘रिकामटेकड्या बायांची सहकारी सोसायटी’ म्हणायचात. सुनंदाबाईंना मी हे अजून सांगितलेले नाही.) गावोगाव फिरून, आखाजीला माहेरी आलेल्या लेकींनी झोक्यावर म्हणायची गाणी टेपवर घ्यायची, लिहून काढायची आणि कपाटात ठेवायची, असे आमचे शांतपणे चालले होते. कपाट उघडताना वरची फाइल डोक्यावर पडायची, एवढाच काय तो धोका. गेल्या पावसाळ्यात अध्यक्ष सुनंदाबाईंचा मुलगा अमेरिकेहून आला. त्याने कपाट पाहिले, डोके चोळले आणि म्हणाला, की हे सगळे वेबसाइटवर टाका. तिकडच्या कॉम्प्युटरवर तो आम्हाला जागा देणार होता. जगात कुठेही बसलेल्या माणसाने गाणारणीचे नाव टाइप केले की तिची सगळी गाणी समोर यायला हवीत, ही त्याची अट. त्यासाठी आधी डेटाबेसचे सॉफ्टवेअर निवडा, असे सांगून तो विमानात बसला. मुले नेहमी एवढेच सांगून विमानात बसतात.

डेटाबेस म्हणजे काय, हे मला माझ्या कॉन्व्हेंटच्या इंग्रजीवरून कळेल असे सगळ्यांनी गृहीत धरले. दाजी, भुसावळच्या सिस्टर लोकांनी मला टेबलावर कोपर न टेकता सूप पिणे, संतांच्या गोष्टी आणि शिवणाचे अकरा-बारा टाके शिकवले. (मालती म्हणणे आमच्या आयरिश सिस्टरला जड जाई, म्हणून मी सातवीपर्यंत मॉली होते.) डेटाबेस त्यांनी शिकवला नाही. तरी मी चष्मा लावून गंभीर चेहरा केला आणि त्या चेहऱ्यावर मला सॉफ्टवेअर समितीची प्रमुख करण्यात आले.

पहिला आला मोतीलाल. हा आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर कॉम्प्युटर घेऊन बसतो आणि केळीच्या व्यापाऱ्यांचे हिशेब फॉक्सप्रोत करून देतो. मनाचा मोठा, म्हणाला, “अक्का, नवीन कशाला घेता? माझा केळीचा प्रोग्राम आहे ना, तोच तुम्हाला फिरवून देतो. फुकट.” त्याने शेतकऱ्याच्या जागी गाणारीण घातली, घडांच्या जागी गाणी घातली आणि घाईत बाकीचे तसेच ठेवले. त्यामुळे पहिल्याच गाणारणीची माहिती भरून झाल्यावर पडद्यावर प्रश्न आला: ‘मालावर डाग आहे काय?’ मग ‘ट्रक नंबर’. मग ‘माल पोहोचला? होय / नाही’. आमच्या पुष्पाबाई शेजारी बसल्या होत्या. ज्या बाईची माहिती भरत होतो ती संक्रांतीच्या आधीच वारली होती. पुष्पाबाईंनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, “होय टाका. पोहोचली असेल एव्हाना.”

त्याच्या प्रोग्राममध्ये आणखी एक हट्ट होता. बाईच्या नावापुढे नवऱ्याचे नाव टाकल्याशिवाय तो पुढे सरकतच नसे. केळीच्या धंद्यात ते बरोबर असेल, पण आमच्या गाणारणी नवऱ्याचे नाव कधी घेतात? बेबाबाईंना मुद्दाम ऑफिसात बोलावले होते. मोतीलाल विचारतो आहे, त्या पदर दातात धरून हसताहेत, आणि ते यंत्र डोळा मिचकावत वाट बघते आहे. शेवटी त्या म्हणाल्या, उखाण्यात घेईन. आणि घेतला, खणखणीत: “कापसाच्या बोंडाला पांढरीशुभ्र रुई, लोटनरावांचं नाव घेते, ऐकते सारी भुई.” मोतीलालने घाबरून ऐकले तसे टाइप केले. त्या रकान्यात मोजकीच अक्षरे मावत होती. लोटनराव येण्याच्या आधीच जागा संपली. आमच्या दप्तरी बेबाबाईंच्या यजमानांचे नाव ‘कापसाच्या बोंडाला पांढरीशुभ्र रुई’ असे आहे, आणि वयपरत्वे ते त्यांना शोभतेही.

दुसरे आले पुण्याचे साहेब. टाय लावून. त्यांचे सॉफ्टवेअर इतके मोठे होते, की ते ठेवायला आधी नवा कॉम्प्युटर, तो ठेवायला थंडगार खोली आणि ती राखायला एक माणूस लागणार होता. (आमचे ऑफिस सुनंदाबाईंच्या गॅरेजात आहे आणि तिथे त्यांचे पापडही वाळतात.) पण एक गोष्ट त्यांनी शहाणपणाची सांगितली. म्हणाले, प्रत्येक बाईला एक नंबर द्या. नाव बदलले तरी नंबर बदलत नाही. पुष्पाबाई फिस्कारल्या, “रेशनकार्डाला नंबर, सिलिंडरला नंबर, आता गाणाऱ्या बाईलाही नंबर?” साहेबांनी पाणी मागितले.

तिसरे सॉफ्टवेअर कुणी घेऊन आलेच नाही. ते इंटरनेटवरून आपले आपण फुकट उतरवून घ्यायचे, असे सुनंदाबाईंच्या मुलाने कळवले होते. यावर तर सर्वांचे एकमत झाले, की नको. जे असे बेवारशी मिळते त्याच्याबद्दल उद्या तक्रार कुणाच्या दारात न्यायची? म्हणून मग मोतीलालचा केळीचा प्रोग्रामच घ्यायचे जवळजवळ ठरले. त्याने आठवडाभर बसून आमची सगळी कपाटातली माहिती आत घातली, ट्रक नंबर काढून टाकला आणि आम्हाला बघायला बोलावले. “अक्का,” मला म्हणाला, “कोणतंही नाव सांगा. अर्ध्या मिनिटात बाई हजर करतो.”

दाजी, मी दुसरे कोणते नाव सांगणार? मी म्हटले, कुमुद.

त्याने टाइप केले. यंत्र जरा घरघरले आणि पडद्यावर अक्षरे आली: ‘कुमुद नावाची नोंद सापडत नाही.’

सगळ्या हसल्या. मीही हसले, कारण चूक उघड होती. ताईची गाणी मी स्वतः तुमच्या घरी येऊन टेपवर घेतली होती. आठवते ना, तुम्ही मध्येच “पाणी आलं का नळाला?” असे ओरडलात आणि तेही टेपवर आले. त्या कॅसेटवर मीच लिहिले होते, यशोदाबाई पाटील, धुळे. लिहिताना मला काही खटकले नव्हते, धुळ्याला ती यशोदाच. मोतीलालने यशोदा टाकले तर ती लगेच आली, सगळ्या गाण्यांसकट. तो समजावू लागला, “बरोबर आहे अक्का. एक बाई, एक नाव. दोन नावं टाकली तर माझ्या प्रोग्रामला त्या दोन बाया वाटतील.” मी बरे म्हटले आणि घरी आले. कुकर लावला. वरण-भाताचे डबे आत ठेवले आणि झाकण हातात घेऊन तशीच उभी राहिले. कारण मला एकदम दिसले, की पेपरात काय छापले होते.

यशोदाबाई पाटील, देवपूर, धुळे. अल्पशा आजाराने. एवढेच.

तुमचे काही चुकले असे मी म्हणत नाही. रेशनकार्डावर तेच, मतदार यादीत तेच, दवाखान्यातही तेच. ते नाव तुम्हीच दिलेले. मी तेव्हा नऊ वर्षांची होते आणि तांदळाच्या ताटावर नाक टेकवून बघत होते. तुम्ही अंगठीने त्यात यशोदा लिहिलेत आणि ‘श’ पुसट झाला म्हणून पुन्हा गिरवलात. तुमच्या आई ताईच्या हनुवटीला धरून म्हणाल्या, “आते तू कुमुद नई, यशोदा शे.” ते तांदूळ भटजींनी नेले, नाव ताईकडे राहिले. गंमत अशी, की त्या नावाने तिला घरात कुणी हाक मारलेली मी ऐकली नाही. तुमच्या आई तिला शेवटपर्यंत ‘बोदवडवाली’ म्हणत. दीर-नणंदांची ती वहिनी. आणि तुम्ही? “आयकी ऱ्हायनी का?” एवढ्यावर तुमचा अख्खा संसार झाला. ताईसुद्धा आमचे ‘हाये’ सोडून तुमचे ‘शे’ बोलू लागली. फक्त माझ्याशी फोनवर बोलताना मध्येच ‘हाये’ निसटायचे, मग ती हसायची. (आमच्या सासरी माझे नाव बदलायचे ठरले होते, पण सासूबाई म्हणाल्या, कॉन्व्हेंटवालीचं नाव बदलून काय उपयोग, वळण थोडंच बदलणार आहे. म्हणून मी मालतीच राहिले.)

पण झाकण हातात धरून जे वाटते ते खरेच असते असे नाही. म्हणून पुढच्या आठवड्यात मंडळाची टेप घेऊन मी बोदवडला गेले. सोबत मोतीलाल होता. त्याला म्हटले, माहिती कुठून येते ते तरी बघ. बाबा बोदवड स्टेशनवर कामाला होते, तेव्हाचे आमचे क्वार्टर अजून उभे आहे, दुसऱ्याच कुणाची लुगडी वाळत होती. नात्यातले आता तिथे कुणी नाही हे तुम्ही जाणताच. आहे ती भिकुबाई. तिचे माहेर-सासर एकाच गावात. ताई आणि ती एका झोक्यावर समोरासमोर उभ्या राहून झोका चढवायच्या आणि मी खाली उभी राहून रडायचे, मला घ्या म्हणून. ती आता पार वाकली आहे, पण आवाज तसाच. मला ओळखायला तिला वेळ लागला नाही. “आवं, मालू ना तू? ते कॉनवेंटवाली?” असे म्हणून तिने माझ्या दोन्ही गालांवरून हात फिरवले. मग माझ्या मागे दाराकडे बघितले. म्हणाली, “अन् कुमुद नाई आली वं? आखाजीले तरी येईन का नाई यंदा?”

मोतीलाल टेप चालू करून बसला होता. मी तिला सांगितले. कसे सांगितले ते आता आठवत नाही. मग तिने विचारले, कधी? मी म्हटले, मागच्या फाल्गुनात. पेपरात आलं होतं, यशोदाबाई पाटील म्हणून.

“यशोदाबाई पाटील, धुये,” भिकुबाई म्हणाली. “सुनेनं वाचलं व्हतं मले. रोज वाचते ते मेलेल्यांचं. लगनात नाव बदललं व्हतं ते ऐकलं व्हतं मी, पन ध्यानात कोन ठेवते वं? अन् धुय्याले पाटील का एक हाये?” थोड्या वेळाने म्हणाली, “मी म्हनलं व्हतं, देव तिले सुखात ठेवो. कोनाची लेक व्हती का जानं.”

मग ती भिंतीला धरून उठली. सुनेला म्हणाली, बादली भर. सून म्हणाली, आत्या, आत्ता दुपारची कशाला आंघोळ, आणि त्या काय आपल्या नात्यातल्या होत्या? भिकुबाई म्हणाली, “तू भर.” मयताची बातमी उशिरा आली तरी, कळली की अंगावरून पाणी घ्यायचे असते. मागच्या दारी मोरीत लुगड्यासकट बसून तिने डोक्यावरून पाणी घेतले. आम्ही पुढच्या खोलीत बसलो होतो. टेप बंद करायचे मोतीलालला सुचले नाही, मलाही नाही. त्या दिवशी तिने गाणे म्हटले नाही. आम्ही मागितलेही नाही. निघताना तिने माझी ओटी भरली, तांदूळ आणि एक केळे, आणि म्हणाली, तिचीही म्हणून दोनदा भरते.

परतीच्या वाटेवर, बसमध्ये, मोतीलाल टेप मांडीवर घेऊन बसला होता. भुसावळ गेल्यावर म्हणाला, “अक्का, केळीचा प्रोग्राम तुमच्या कामाचा नाही.” मी म्हटले, का रे? तर म्हणाला, “माझ्या आईला पण माहेरी दुसऱ्याच नावानं हाक मारतात. आपण ते फुकटवालं उतरवून बघू. त्यात बाईला नंबर देऊ, पुण्याच्या साहेबानं सांगितला तसा. पण नंबर आतल्या आत, कुणाला दिसणार नाही. अन् नावांचा तक्ता वेगळा ठेवू. एका बाईला पाहिजे तितकी नावं. कोणत्याही नावानं हाक मारली तरी तीच बाई यायला पाहिजे.” हे फॉक्सप्रोतही जमले असते, पण मग आपल्या केळीवाल्यांचा प्रोग्राम मोडावा लागला असता, असेही तो म्हणाला. मला त्यातले अर्धेच कळले. जे कळले त्यावर मी समितीची प्रमुख या नात्याने बसमध्येच मंजुरी दिली. कंडक्टर साक्षीला होता.

सभेत थोडा वाद झाला. बेवारशी सॉफ्टवेअर म्हणून नाके मुरडली गेली. मग पुष्पाबाईंनी मोजून बघितले, की त्यांची स्वतःचीच पाच नावे आहेत आणि त्यातले त्यांना आवडणारे एकही रेशनकार्डावर नाही. ते आवडणारे कोणते, ते त्यांनी सांगितले नाही, पण मत दिले. ठराव पास झाला. बेबाबाईंच्या यजमानांचे नाव मात्र तसेच ठेवायचे ठरले, बेबाबाईंच्या आग्रहावरून.

तर दाजी, बोदवडने पाठ फिरवली नव्हती. बोदवडने त्या दिवशी पेपर वाचला होता आणि कुणातरी परक्या बाईसाठी देवाला हात जोडले होते. एवढे तुम्हाला कळवायचे होते. मनात धरू नका. भाजी खा.

सर्वांना यथायोग्य आशीर्वाद आणि तुम्हाला पुन्हा नमस्कार.

तुमची,
मालती

ता. क. : मुख्य गोष्ट राहिलीच. पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध. तुम्ही पेपरात द्याल, फोटोसकट द्याल, मला माहीत आहे. त्यात यशोदाबाईंच्या खाली एवढे घाला: ‘माहेरच्या कुमुद, बोदवड.’ बाकी मजकूर तुमचा, मी त्याला हात लावत नाही. हे सांगायलाच पत्र लिहायला बसले होते. आधी सांगायचा धीर होईना, म्हणून कॉम्प्युटर मध्ये आणला.

ता. क. २ : वेबसाइट बघायला मिळेल म्हणून वाट बघू नका. ते फुकटचे सॉफ्टवेअर उतरायला फोनची लाइन लागते आणि मोतीलालचा फोन चार दिवस मेलेला आहे. शिवाय त्यात मराठी कसे उमटवायचे हे अमेरिकेलाही माहीत नाही असे कळते. तूर्त सगळे कपाटातच आहे.

ता. क. ३ : भिकुबाई वर्षश्राद्धाला धुळ्याला येणार म्हणते आहे. मी तिला घेऊन येईन. ती तुमच्या ओसरीत बसून कुमुद, कुमुद म्हणून मोठ्याने रडेल, तिचा आवाज अजून चांगला आहे. “ही कुमुद कोण?” असे तेव्हा तिला कुणी विचारू नये, एवढे सुनांना आधी सांगून ठेवाल का?